काका सांगलीला गेले आणि नायट्रेट शून्यावर आलं

हे प्रकरण न्यू जर्सीतल्या एका घरातलं. टँक, म्हणजे समुद्री मासे आणि कोरलं (प्रवाळ) ठेवायची काचेची पेटी, माझ्या कॉलेजमित्राचा. मी दीड तासावर पेनसिल्व्हेनियात राहतो आणि खाऱ्या पाण्याचा टँक अकरा वर्षं सांभाळतोय, त्यामुळे त्याच्या टँकमध्ये काहीही बिनसलं की पहिला फोन मला येतो. घरच्यांना विचारून, ओळखीच्या खुणा काढून लिहितोय. आकडे त्याच्या वहीतले आहेत, ते तसेच ठेवलेत.

पार्श्वभूमी

टँक ७५ गॅलनचा, खाली सम्प, म्हणजे पाणी साफ करणाऱ्या उपकरणांची जोडटाकी. दगड आणि वाळूची जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी साधारण ३०० लिटर. माशांत क्लाउनफिशची जोडी, एक पिवळा टँग आणि इतर चार. कोरलांत हॅमर, झोअँथिड, दोन मॉन्टिपोरा आणि मित्राचा जीव ज्यांत अडकलेला त्या अॅक्रोपोराच्या तीन वसाहती. टँक दोन वर्षांचा, बऱ्यापैकी स्थिरावलेला.

एप्रिलमध्ये मित्राचे वडील सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. भारतातून आलेल्या आईवडिलांचा दिवस इथे कसा जावा, हा आपल्याकडच्या प्रत्येक घरातला प्रश्न. मुलगा-सून कामावर, नात शाळेत, गाडी चालवायची सोय नाही. काकांना टँक सापडला. सकाळी पूजा आटोपली की माशांच्या खाद्याचे दाणे, दुपारी जेवायला बसण्याआधी दाणे, संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की पुन्हा दाणे. त्यांची पावलं वाजली की टँग काचेला येऊन चिकटायचा. "बघ कसा तोंड वासतोय, भूक लागलीय त्याला." मासा तोंड उघडमीट करतो ती श्वासासाठी, हे काकांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

दाणे आणि माशांची घाण कुजली की पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साचतं. जूनपर्यंत नायट्रेट ४० पीपीएम (दहा लाखात ४० भाग) आणि फॉस्फेट ०.३५ पीपीएमवर गेलं. काच रोज पुसावी लागे आणि अॅक्रोपोरा तपकिरी पडायला लागले होते.

जूनमधला निर्णय

मित्रापुढे दोन रस्ते होते. काकांना कमी घाला म्हणून सांगायचं, किंवा जितकं घातलं जातंय तितकं बाहेर काढायची सोय करायची. पहिल्यावर तो म्हणाला, "ज्या माणसानं मला जन्मात ताटात टाकू दिलं नाही, त्याला मी वाढताना हात आखडा म्हणू?" मला ते पटलं. आज तितकंसं पटत नाही, पण तेव्हा पटलं.

मग पंधरा दिवसांत त्यानं चार गोष्टी केल्या. फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे, म्हणजे जीएफओ, रिअॅक्टरमध्ये भरून सुरू केले. सम्पमध्ये वाढवलेल्या, हीच द्रव्यं खाणाऱ्या चेटो शेवाळाचा दिवा आठ तासांवरून सोळा तासांवर नेला. रोज २० मिली व्हिनेगर द्यायला लागला. त्यातला कार्बन खाऊन जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट उचलतात आणि स्किमर त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतो. चौथं, दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलणं.

सप्टेंबरमध्ये नायट्रेट ८ आणि फॉस्फेट ०.०६ दिसलं. मिश्र कोरलांच्या टँकला नायट्रेट साधारण ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१० मानवतं, त्या हिशोबानं हे आकडे चोख होते. त्यानं मला फोटो पाठवला. मी उत्तर दिलं, "झकास. आता काही म्हणता काही हलवू नकोस."

या प्रकरणातला माझा वाटा हाच. काकांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातलं होतं आणि ते मला ठाऊक होतं.

अडचण

काका गेले. दाणे घालायचं काम पुन्हा मित्राकडे आलं. तो सकाळी ऑफिसला निघताना एक छोटी चिमूट टाकी, रात्री आठवलं तर दुसरी.

तीन आठवड्यांत नायट्रेटच्या टेस्टला रंग येईना. फॉस्फेटचाही शून्य. मित्र खूश. काच आठ-आठ दिवस पुसावी लागत नव्हती, पाणी इतकं नितळ की मासे हवेत तरंगल्यासारखे दिसावेत. त्याचं म्हणणं, खऱ्या रीफवर तरी कुठे नायट्रेट असतं? हे अर्धं खरं आहे. तिथल्या पाण्यात ही द्रव्यं नावापुरतीच असतात, पण तिथे कोरलाच्या तोंडावरून अहोरात्र नवं पाणी आणि त्याबरोबर प्लवक वाहत असतं. काचेच्या पेटीत कोण आणून घालणार? कोरलाच्या अंगात राहणाऱ्या शैवालपेशींना नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही लागतात, आणि फॉस्फेटची उपासमार झाली की कोरल पांढरं पडतं, हे साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवलंय.

पहिली सूचना वहीत आली होती. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात अल्कलिनिटी, म्हणजे कोरलं ज्यातून सांगाडा बांधतात त्या पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, चढायला लागली. आधी कोरलं रोज १.२ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) खात होती, ती पाऊण-अर्ध्यावर आली, कारण त्यांची वाढ थांबली होती. ती भरून काढणारा डोसिंग पंप मात्र जुन्याच मापानं घालत होता. ८.५ वरून १०.८ झाल्यावर मित्रानं पंप कमी केला आणि वहीत लिहिलं, "पंप कमी केला." खाणं का घटलं, याची ओळ वहीत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर अॅक्रोपोरांची टोकं करपल्यासारखी पांढरी झाली. वाळूवर तपकिरी चिकट थर आला. त्यातून शेंबडासारखे तंतू वर निघत आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला हवेचा बुडबुडा. रात्री दिवे गेले की थर विरल्यासारखा वाटे, दुसऱ्या दुपारपर्यंत पुन्हा जागेवर. गोगलगायी उताण्या पडू लागल्या.

मित्राला वाटलं, घाण झाली. घाण म्हटल्यावर जे करायचं ते त्यानं केलं. दोनदा ३० टक्के पाणी बदललं, वाळू उपसून धुतली, माशांचे दाणे आणखी कमी केले. थर दुप्पट झाला. मग मला फोन आला.

निदान

मित्राच्या लेकीला वाढदिवसाला मिळालेला एक सूक्ष्मदर्शक घरात होता, प्लॅस्टिकचा, ४०० पटींचा. शनिवारी मी पोचलो तेव्हा तो डायनिंग टेबलावर मांडून ठेवला होता आणि लेक शेजारी वही घेऊन बसली होती. ड्रॉपरनं तंतूचा एक थेंब काचपट्टीवर घेतला. आधी नुसता चिखल दिसला. मग चिखलातलं काहीतरी हललं. थेंबाच्या आकाराच्या, एका टोकाला निमुळत्या पेशी, आणि प्रत्येक पेशी आपल्या टोकाभोवती गोल फिरतेय. दाव्याला बांधलेलं वासरू खुंट्याभोवती फिरावं तशी. लेकीनं वहीत चौदा मोजल्या आणि मग नाद सोडला.

ऑस्ट्रिऑप्सिस. डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय सूक्ष्मजीवांपैकी एक, आमच्या बोलण्यात डायनो. खात्रीसाठी तोच चिकटा बाटलीत घालून खूप हलवला, कॉफीच्या फिल्टरमधून गाळला आणि ते पाणी ग्लासात घालून दिव्याखाली ठेवलं. तासाभरात गाळलेल्या पाण्यात पुन्हा तंतू जमले. नुसता गाळ असा पुन्हा विणला जात नाही.

ही जात विषारी. २००५ साली इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर तिचा उद्रेक झाला तेव्हा नुसत्या समुद्रावरच्या हवेनं दोनशेच्या आसपास माणसं आजारी पडली होती. गोगलगायी का मरत होत्या ते कळलं. त्या दिवसापासून हातमोज्यांशिवाय टँकमध्ये हात घालायचा नाही, असं ठरलं.

पण काय आहे ते कळलं म्हणून का झालं ते कळत नाही. आम्ही दोघं दगड, पाणी, मीठ, आरओ फिल्टर असं एकेक तपासत होतो. वहिनी चहा ठेवून म्हणाल्या, "तुम्ही पाणी तपासताय, पण बाबा गेल्यापासूनच हे सगळं सुरू झालं, नाही का?"

दोघंही गप्प झालो. मग मित्रानं फोनवर जुन्या ऑर्डरी काढल्या. काका असलेल्या सहा महिन्यांत १०० ग्रॅमच्या दाण्यांच्या सहा बाटल्या आल्या होत्या. त्याआधीच्या सहा महिन्यांत एक, आणि दुसरी अर्धी संपलेली.

टेबलावरच गणित मांडलं. दाण्यांत प्रथिनं ४५ टक्के धरली, प्रथिनांत नायट्रोजन १६ टक्के. म्हणजे १ ग्रॅम दाण्यांत ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन, आणि त्या सगळ्याचं नायट्रेट झालं तर सुमारे ३२० मिलिग्रॅम. ३०० लिटर पाण्यात हे जवळजवळ १ पीपीएम. फॉस्फरस १ टक्का धरला तर त्याच ग्रॅममधून फॉस्फेट ०.१० पीपीएम. काका रोज सव्वातीन ग्रॅमच्या आसपास घालत होते, मित्र पाऊण. बाहेर काढणारी चारही यंत्रणा काकांच्या मापावर लावलेली, आणि वाढणारा हात मित्राचा. पगार चौथाईवर आला तरी हप्ते तेच चालू ठेवल्यासारखं झालं होतं.

पाणी असं रिकामं झालं की हिरवं शेवाळ, डायटम (सूक्ष्म तपकिरी शैवाल), जिवाणू हे नेहमीचे भाडेकरू उपाशी मरतात. डायनोंमधल्या बऱ्याच जाती उजेडावरही जगतात आणि दुसऱ्यांना खाऊनही जगतात. जागा मोकळी, स्पर्धा नाही. मित्रानं पाणी बदलून आणि दाणे कमी करून त्यांचीच सोय केली.

समोरचे पर्याय

टँक मोडून नव्यानं लावायचा, हा पर्याय मित्रानं रागात दोनदा काढला. माझा विरोध. नव्या टँकमध्ये सूक्ष्मजीवांची वस्ती आणखी विरळ असते, तिथे डायनो परत येण्याची शक्यता जास्तच.

लाल चिकट्यावरचं औषध कपाटात होतं. ते प्रतिजैविक, सायनोबॅक्टेरियासाठी. आपल्याला जे जिवाणू वाढायला हवेत त्यांच्यावरच ते चाललं असतं. ते कपाटातच राहिलं.

तीन दिवस पूर्ण अंधार करणं लोक सर्रास सुचवतात. थर नाहीसा होतो हे खरं, पण नुसता अंधार केला तर आठ-दहा दिवसांत परत येतो. शिवाय करपलेल्या कोरलांना तीन दिवस उपास. तरी अतिनील दिव्याच्या जोडीनं तो उपयोगी पडतो. ऑस्ट्रिऑप्सिसच्या पेशी रात्री वाळू सोडून पाण्यात सुटतात, तेव्हा त्यांना दिव्यातून फिरवता येतं. वाळूतच दडून राहणारी अॅम्फिडिनियम ही दुसरी डायनो निघाली असती तर दिव्याचे पैसे वाया गेले असते. सूक्ष्मदर्शकाचा अर्धा तास इथे वसूल झाला.

आणि मूळ इलाज, नायट्रेट-फॉस्फेट परत वाढवणं. त्यात दोन वाटा होत्या: दाणे वाढवायचे, किंवा क्षार मोजून घालायचे. माशांना भरपूर घालणं स्वस्त आणि साधं, पण किती जातंय ते कळत नाही, आणि न मोजलेल्या चिमटीपायीच आम्ही इथवर आलो होतो. क्षार निवडले.

काय केलं

त्याच संध्याकाळी जीएफओ आणि व्हिनेगर बंद. चेटोचा दिवा सोळा तासांवरून सहावर. पाणी बदलणं सहा आठवडे बंद, फक्त स्किमर चालू. अल्कलिनिटी हळूहळू ८ वर आणायची, कारण पोषण कमी असताना ती चढी ठेवली की टोकं करपतात.

प्रयोगशाळेच्या शुद्धतेचं सोडियम नायट्रेट ४१ ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवलं. त्याचे १० मिली घातले की ३०० लिटरमध्ये १ पीपीएम नायट्रेट चढतं. दुसऱ्या बाटलीत ट्रायसोडियम फॉस्फेट, बारा पाण्याचे रेणू असलेलं, २.४ ग्रॅम एका लिटरला. १० मिलीला ०.०२ पीपीएम. दोन्ही बाटल्यांवर वहिनींनी मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि त्या स्वयंपाकघरापासून लांब, गॅरेजमध्ये ठेवल्या.

रोज नायट्रेट १ आणि फॉस्फेट ०.०२. समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्डनं समुद्रातल्या प्लवकाचं नायट्रोजन-फॉस्फरस प्रमाण अणूंच्या हिशोबात १६ ला १ असं मांडलं. नायट्रेट आणि फॉस्फेटच्या वजनात ते साधारण १० ला १ पडतं. टँकमध्ये ते तंतोतंत पाळायची गरज नाही, पण एक चढं आणि दुसरं शून्य ही अवस्था वाईट.

नायट्रेट पाचव्या दिवशी टेस्टमध्ये दिसलं. फॉस्फेट दिसेना. आज घालावं, उद्या गायब. टँकमधले दगड फॉस्फेट पिऊन घेतात, त्यांचं पोट भरल्याशिवाय पाण्यात काही राहत नाही. हे मी त्याला सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि रोज संध्याकाळी शून्य बघणं वेगळं. नवव्या दिवशी त्यानं डोस दुप्पट केला आणि नेमका डिजिटल मापक घेऊन आला.

इथे दुसरी चूक झाली. मापक २६ दाखवत होता. मित्रानं ते फॉस्फेट ०.०२६ असं वाचलं आणि डोस चालू ठेवला. तो मापक पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) फॉस्फरस दाखवणारा होता. फॉस्फेट काढायचं तर ३.०६६ नं गुणायचं. खरं फॉस्फेट होतं ०.०८. चार दिवसांनी मी आकडा विचारला तेव्हा मापकावर ५१ होतं, म्हणजे ०.१६. त्यानं नुकसान झालं असं म्हणता येत नाही, पण तीन अॅक्रोपोरांपैकी एक त्या आठवड्यात गेला आणि कशानं गेला ते आता कुणी सांगू शकणार नाही. नायट्रेटच्या काही टेस्टही असाच चकवा देतात: नायट्रोजन म्हणून आकडा दाखवतात, त्याला ४.४३ नं गुणावं लागतं. डबीवरचं बारीक अक्षर वाचायचं.

पंधराव्या दिवशी २५ वॅटचा अतिनील दिवा आला. तो टँकमधूनच पाणी खेचून टँकमध्येच सोडेल असा लावला, सम्पमध्ये नाही. रात्री पेशी सुटतात त्या वरच्या टँकमध्ये. पहिले तीन दिवस अंधार, काचेला जुनी चादर. लेकीनं चादरीवर "आजारी आहे, त्रास देऊ नये" असा कागद लावला होता.

निष्पत्ती

चादर काढली तेव्हा वाळू पांढरी होती. आठवड्यानं काही ठिकाणी तपकिरी छटा आली. सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर डायटम, गोल फिरणारं कुणी नव्हतं. त्यापुढच्या आठवड्यात काचेवर हिरवी पुटं धरली आणि मित्रानं त्यांचा फोटो असा पाठवला, जसा पूर्वी शून्याचा पाठवला होता.

हिशोब असा: चौदापैकी नऊ गोगलगायी, अॅक्रोपोराच्या दोन वसाहती आणि एका मॉन्टिपोराची अर्धी बाजू गेली. हॅमर आकसून होता, तो दीड महिन्यात फुगला. मासे सगळे ठीक. उरलेल्या अॅक्रोपोराला रंग यायला चार महिने लागले. फेब्रुवारीपासून नायट्रेट ८ ते १०, फॉस्फेट ०.०६ ते ०.०९ टिकून आहे. नायट्रेटची बाटली कधीमधी लागते, फॉस्फेटची नाही. जीएफओ परत लावलेलं नाही.

आज पुन्हा वेळ आली तर

जूनमध्ये चारही गोष्टी एकदम करू देणार नाही. जीएफओ एकटं लावून तीन आठवडे थांबलो असतो तर कशानं किती उतरतं ते कळलं असतं आणि ऑक्टोबरमध्ये काय बंद करायचं तेही. पाणी बदलणं आणि चेटो कदाचित पुरेसे झाले असते. व्हिनेगर नक्कीच जास्तीचं होतं.

मी "काही हलवू नकोस" म्हणायच्या ऐवजी काका जायच्या आधीच्या आठवड्यात व्हिनेगर थांबवायला सांगितलं असतं. आकडे बरोबर होते, पण ते ज्या माणसाच्या जोरावर बरोबर होते तो विमानात बसणार होता.

वहीत अल्कलिनिटीच्या खपाचा वेगळा रकाना आता आहे. तो खप अचानक घटला की आधी नायट्रेट-फॉस्फेट बघायचं, पंपाला हात नंतर.

सूक्ष्मदर्शक आधी, पाणी बदलणं नंतर. हा क्रम उलटा झाला, त्यात मित्राचे दहा दिवस आणि बहुतेक गोगलगायी गेल्या.

एका गोष्टीवर आमचं अजून जमत नाही. मित्राच्या मते दिवा पहिल्या दिवशीच आणायला हवा होता. मला वाटतं, पाण्यात पोषण नसताना दिवा लावला असता तर डायनो मेले असते आणि त्यांच्या जागी बसायला कुणीच नसतं. दोन्ही करून पाहिल्याशिवाय हे सुटणार नाही, आणि करून पाहायची कुणाची इच्छा नाही.

जाता जाता, भारतातून वाचणाऱ्यांसाठी: शिलाप्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. काकांनी फोनवर "मालवणहून चांगला दगड आणू का तुमच्या टँकला?" असं विचारलं होतं. मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही, हे त्यांना सांगायला मात्र मित्राची जीभ अडखळली नाही.

काका मेमध्ये परत आले. वहिनींनी औषधाच्या दुकानातून गोळ्यांची आठवड्याची डबी आणली, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेली. रविवारी रात्री मित्र वजनकाट्यावर दाणे तोलून एकवीस कप्पे भरतो, दिवसाला दीड ग्रॅम. पहिल्या दिवशी काकांनी सकाळचा कप्पा तळहातावर ओतला आणि बराच वेळ बघत राहिले.

"एवढंच? हे काय नैवेद्य आहे का?"

पण तिन्ही वेळा त्यांनी तेवढंच घातलं. आठव्या दिवशी वहिनींना सम्पमागे दाण्यांची एक नवी बाटली सापडली, अर्धी संपलेली. नातीला हाताशी धरून मागवलेली.